आखितीपासून मृगापर्यंत: मराठवाड्यातील गावात नव्याने राहायला आलेल्यांसाठी

शहरातून मराठवाड्यातील एखाद्या गावात राहायला आलेल्या कुटुंबाचा पहिला उन्हाळा बहुतेक वेळा एकाच चुकीने वाया जातो. घरामागे मोकळा परस दिसतो, आठवडी बाजारात भाजी महागलेली असते आणि आपल्या हाताने काही पिकवण्याची हौस मनात असते. म्हणून ऐन मे महिन्यात वाफे पाडले जातात, पालक, कोथिंबीर, टोमॅटो असे सगळे एकदम लावले जाते, आणि तीन आठवड्यांत पाणीही संपते व रोपेही करपतात. अंबाजोगाईच्या बाजूच्या सासरच्या गावी मी कायमची राहायला आले त्या वर्षी मीही हेच केले. विकतचे टँकरचे पाणी सकाळ-संध्याकाळ घालूनही मृगापर्यंत हाती आल्या त्या कोथिंबिरीच्या चार जुड्या, आणि त्या धांदलीत कुरडया, सांडगे, मिरची, चिंच यांपैकी काहीही वेळेवर वाळले नाही. पुढे श्रावणात झड लागली, भाजीवाला आठ-आठ दिवस गावात फिरकेना, तेव्हा शेजारच्या घरातून आलेल्या वाळक्या गवारीवर आणि सांडग्यांवर आमचे दिवस निघाले.

त्या अनुभवातून जे शिकले ते सुरुवातीलाच सांगते. आमच्या भागात उन्हाळ्याचा शेवट हा नवी लावणी करण्याचा काळ नाही. परसात जे उभे आहे त्यातले मोजके जगवणे आणि जे पिकून हाती आले आहे ते उन्हाच्या हवाली करून वर्षभरासाठी टिकवणे, हे या दिवसांचे खरे काम आहे. आणि त्यातले निम्मे काम शेजाऱ्यांच्या हातांशिवाय होत नाही.

यासाठी मिळणारा वेळ फार थोडा असतो. अक्षय्य तृतीया, जिला आमच्याकडे आखिती म्हणतात, एप्रिलच्या उत्तरार्धात किंवा मेच्या पहिल्या पंधरवड्यात येते. मृग नक्षत्र ७ किंवा ८ जूनला लागते. म्हणजे हाती चार ते सात आठवडे आहेत असे वाटते; पण २५ मेच्या सुमारास रोहिणी लागली की दुपारनंतर वळवाचे ढग जमू लागतात आणि त्यानंतरच्या कोणत्याही दिवसावर वाळवणासाठी भरवसा ठेवता येत नाही. म्हणून नव्या माणसाने दिनदर्शिका हातात घेऊन रोहिणीपासून मागे मोजावे आणि ज्यांना दोन-तीन दिवसांचे सलग कडक ऊन लागते ती सगळी कामे त्या तारखेच्या आत बसवावीत.

पाण्याचा हिशेब

२०१६ च्या एप्रिल महिन्यात मिरजेहून लातूरला रेल्वेने पिण्याचे पाणी आणावे लागले होते. ज्या भागाने हे पाहिले आहे, तिथे मे महिन्यात परसाला आडाचे किंवा बोअरचे गोडे पाणी मोकळ्या हाताने घालणे शेजाऱ्यांच्या डोळ्यावर येते, आणि ते योग्यच आहे. त्यामुळे पहिली पायरी अशी की तीन दिवस मोरीतून बाहेर जाणारे पाणी बादलीने मोजावे. डाळ-तांदूळ धुतलेले, भाजी धुतलेले, आंघोळीचे आणि भांड्यांचे पाणी एकूण किती बादल्या होते हे कळले की किती झाडे जगवता येतील हे आपोआप ठरते, आणि तेवढीच झाडे राखावीत.

निवड करताना कठोर व्हावे लागते. कढीपत्ता, लिंबू, शेवगा, पपई, अळू, गवती चहा आणि बी धरण्यासाठी राखलेला एखादा दोडक्याचा किंवा दुधीचा वेल एवढे पुरे आहे. अर्धमेल्या वांग्याला आणि पिवळ्या पडलेल्या टोमॅटोला पाणी घालत राहण्यापेक्षा ती झाडे उपटून आच्छादनात टाकलेली बरी. आंघोळीचे आणि भांड्यांचे पाणी वाळू-खडीच्या लहान खड्ड्यातून वाहू देऊन पपई, अळू यांच्याकडे वळवावे; कपडे धुण्याच्या पावडरीचे पाणी मात्र काळ्या जमिनीत घालू नये, कारण त्यातल्या क्षारांमुळे माती चिकट होऊन वरचा थर दगडासारखा बसतो. जी पाने आपण कच्ची खातो, त्यांना मोरीचे पाणी कधीच देऊ नये.

थोड्या पाण्यात झाड जगवण्याचा सर्वांत भरवशाचा उपाय म्हणजे मडक्याने पाणी देणे. सात-आठ लिटरचे, न रंगवलेले, साधे मातीचे मडके झाडापासून वीतभर अंतरावर गळ्यापर्यंत जमिनीत पुरावे, ते भरून वर झाकणी ठेवावी, आणि तीन-चार दिवसांनी पुन्हा भरावे. माती जसजशी कोरडी होते तसतसे पाणी मडक्याच्या अंगातून पाझरत राहते आणि ते थेट मुळांना मिळते. आखितीला करा-केळीच्या, म्हणजे मातीच्या लहान-मोठ्या घड्यांच्या, पूजेसाठी बाजारात मातीची भांडी भरपूर येतात, तेव्हाच दोन-चार जास्तीची घेऊन ठेवावीत. घरातला जुना माठ वापरायचा असेल तर आधी तो भरून दोन तास सावलीत ठेवावा. बाहेरून ओलसर झाला तर तो चालेल. ज्याचे अंग कोरडेच राहते, त्याची छिद्रे बुजलेली असतात. असा माठ काथ्याने खरवडून घासून पाहावा आणि तरीही पाझर फुटला नाही तर तो या कामाला घेऊ नये.

काळ्या मातीला मे महिन्यात बोटभर रुंदीच्या भेगा पडतात. या भेगांतून खालची ओल उडून जाते आणि नाजूक मुळे तुटतात. खुरप्याने वरची माती दोन बोटे खोल मोकळी करून भेगा बुजवाव्यात, त्यावर उसाचे पाचट, सोयाबीनचे किंवा तुरीचे भुसकट चार बोटे जाड पसरावे, आणि खोडाभोवती वीतभर जागा मोकळी सोडावी. ही मोकळी जागा नवी माणसे हमखास विसरतात. कोरडे भुसकट खोडाला टेकले की वाळवी त्यातूनच खोडावर चढते. पश्चिमेकडून येणारे दुपारचे ऊन अडवण्यासाठी तुरीच्या किंवा कापसाच्या वाळक्या काड्यांचा, म्हणजे तुराट्यांचा किंवा पऱ्हाट्यांचा, कूड उभा करावा. हिरवी जाळी विकत आणण्याची ऐपत असेल तर जरूर आणावी, पण तुराट्या गावात सहज मिळतात आणि तेवढीच चांगली सावली देतात.

मे महिन्यात काही लावायचेच असेल तर

उन्हाळ्याच्या शेवटी नवी लावणी करू नये, याला अपवाद एकच आहे, तो मिरची-वांग्याच्या रोपांचा. मेच्या मध्याला, दाट सावलीत, हात-दीड हात लांबीच्या गादीवाफ्यावर बी टाकले की पाऊस स्थिरावेपर्यंत महिनाभराची रोपे लावणीला तयार होतात. एवढ्याशा वाफ्याला झारीभर पाणी पुरते.

उरलेल्या रिकाम्या वाफ्यांकडून या दिवसांत एक मोठे काम करून घेता येते. वाफा नीट भिजवून त्यावर पातळ पारदर्शक प्लास्टिक घट्ट पसरावे, चारही कडा मातीत दाबाव्यात आणि चार ते सहा आठवडे तसाच राहू द्यावा. आपल्या भागात पारा ४२-४३ अंशांवर जातो तेव्हा प्लास्टिकखालची माती इतकी तापते की तणाचे बरेचसे बी आणि रोपे कोलमडवणारी बुरशी त्यात मरते. काळे प्लास्टिक यासाठी वापरू नये, कारण त्याखाली माती तितकी तापत नाही.

बियाण्याचे कामही याच महिन्यातले आहे. वेलावरचे पहिल्या बहरातले, निरोगी, सरळ वाढलेले फळ बियाण्यासाठी राखावे, ते वेलावरच पूर्ण वाळू द्यावे आणि त्यातले बी काढून सावलीत सुकवून चाळलेल्या राखेत घालून ठेवावे. संकरित वाणाचे बी राखू नये, त्याची पुढची पिढी मूळ झाडासारखी येत नाही. भेंडीसाठी परभणीच्या कृषी विद्यापीठाने काढलेला ‘परभणी क्रांती’ हा सरळ वाण घरचे बी धरायला योग्य आहे आणि तो पाने पिवळी पाडणाऱ्या केवडा रोगाला जुन्या अनेक वाणांपेक्षा चांगला टिकतो. घरात आधीपासून पडलेले बी असेल तर वीस दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून आठवडाभर ओलसर ठेवावेत. चौदा-पंधरापेक्षा कमी दाण्यांना मोड आले तर ते बी दाट टाकावे किंवा बदलून घ्यावे.

वाळवण: कशानंतर काय

वाळवणाचा क्रम ठरलेला आहे आणि त्यामागे कारण आहे. चिंच, हळद आणि लाल मिरची मार्च-एप्रिलमध्येच हाती येतात, म्हणून त्यांचे काम आखितीच्या आधी उरकावे. त्यानंतर ज्वारी, तूर, हरभरा यांना ऊन द्यावे. मग कुरडया, खारोड्या (बाजरीच्या वड्या), सांडगे. त्यांच्यामागून पापड, ज्यांना कडक उन्हापेक्षा सावलीतला वाराच मानवतो, कारण थेट उन्हात उडदाचा पापड वाकतो आणि तडकतो. लोणचे सर्वांत शेवटी, कैरीत बाठा धरल्यावर.

लातूर जिल्ह्यातील पानचिंचोलीच्या चिंचेला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे; ती मिळाली तर उत्तमच, पण बांधावरच्या कोणत्याही झाडाची पिकलेली चिंच चालते. टरफल आणि शिरा काढून, चिंचोके वेगळे करून, गर दोन दिवस उन्हात ठेवावा, मग त्यात मीठ चोळून गोळे करावेत आणि ते मातीच्या किंवा चिनी मातीच्या भांड्यात दाबून भरावेत. ॲल्युमिनियम किंवा पितळेच्या भांड्यात चिंच ठेवू नये, आंबटपणामुळे धातू उतरतो. चिंचोके फेकू नयेत. गावात ते विकत घेणारे येतात.

लाल मिरचीची परीक्षा कानाने करायची असते. मूठभर मिरच्या हलवल्यावर आत बी खुळखुळले आणि देठ वाकवताच कट्कन मोडला म्हणजे ती वाळली. अर्धवट वाळलेली मिरची दळून ठेवली तर तिला आतून बुरशी धरते, आणि ती बुरशी नुसती चव बिघडवत नाही तर यकृताला घातक असे विष तयार करते. हाच धोका दमट भुईमुगाच्या शेंगांतही असतो. म्हणून काळपट, कुबट वासाचे दाणे निवडून टाकावेत. भाजल्याने ते विष पुरते जात नाही.

भाज्यांपैकी गवार, कारले आणि भेंडी या दिवसांत वाळवाव्यात. गवारीच्या कोवळ्या शेंगा उकळत्या मिठाच्या पाण्यात दोन मिनिटे घालून, निथळून, सुती कापडावर पसराव्यात. असे केल्याने रंग राहतो आणि पुढे शिजायलाही शेंग मऊ होते. मेथीसारखी पाने सावलीत वाळवावीत. सगळ्या वाळवणावर जुने धुतलेले पातळ लुगडे किंवा ओढणी अंथरावी, म्हणजे माशा आणि धूळ बसत नाही. डांबरी रस्त्याच्या कडेला वाळत घातलेले धान्य आपण पाहतो. घरात खायच्या वस्तूंसाठी ती जागा वापरू नये असे माझे स्पष्ट मत आहे. ज्यांच्या घराला अजून मातीचे माळवद आहे त्यांनी गोणपाट, त्यावर स्वच्छ प्लास्टिक आणि त्यावर कापड अशी घडी करावी. सिमेंटच्या गच्चीवर बाज टाकून त्यावर वाळवण घातले तर खालून वारा लागतो आणि एक दिवस वाचतो.

कुरडयांविषयी सविस्तर लिहिते, कारण नव्या माणसाची त्यातच फसगत होते. दोन किलो गहू तीन दिवस भिजवावेत आणि पाणी रोज बदलावे. आंबूस वास येतो, तो यायलाच हवा, पण वर गुलाबी किंवा काळसर बुरशी दिसली तर तो घाणा टाकून द्यावा. चौथ्या दिवशी गहू वाटून, पाणी घालून, कापडातून पिळून सत्त्व काढावे आणि ते रात्रभर स्थिर ठेवावे. पहाटे पाहिले तर वर पिवळसर निवळ आणि खाली पांढराशुभ्र, घट्ट चीक बसलेला असतो. निवळ हलक्या हाताने ओतून द्यावी, चीक वाटीने मोजावा आणि जितक्या वाट्या चीक तितक्याच वाट्या पाणी मोठ्या पातेल्यात मीठ-हिंग घालून उकळायला ठेवावे. इथून पुढे दोन माणसे लागतातच. एकीने चिकाची बारीक धार सोडायची आणि दुसरीने चाटूने न थांबता हलवत राहायचे. हात थांबला की गुठळी झालीच. पांढरा चीक हळूहळू काचेसारखा दिसू लागतो, चाटूला जड लागतो आणि पातेल्याच्या कडेने बुडबुडे फुटताना फट्-फट् असा आवाज येतो. मग झाकण ठेवून मंद आचेवर दहा-पंधरा मिनिटे वाफ द्यावी. गरम असतानाच तो सोऱ्यात भरून कापडावर गोल कुरडया घालाव्यात. गार झालेला चीक सोऱ्यातून तुटत उतरतो. पहिला चीक वाटीत घेऊन तेल-तिखट घालून सगळ्यांनी खायचा असतो. हा शिरस्ता मोडू नये, कारण पहाटे चारपासून राबणाऱ्या बायकांची तीच न्याहारी असते. उरलेल्या चोथ्यात तिखट, मीठ, तीळ घालून त्याच्या वड्या घालाव्यात.

कुरडई पहिल्या दिवशी संध्याकाळी ओढून काढू नये; दुसऱ्या दिवशी ती आपण होऊन कापड सोडते, तेव्हा उलटी करावी. तिसऱ्या दिवशी बोटाने टिचकी मारल्यावर खण्ण वाजली की डब्यात भरायला हरकत नाही, मात्र उन्हातून आणल्याबरोबर भरू नये. सावलीत पूर्ण गार होऊ द्यावी, नाहीतर बंद डब्यात आतल्या आत घाम धरतो.

हात मागायचे कसे

हे काम गावात सावडीने चालते. आज चार घरच्या बायका तुमच्या अंगणात, उद्या त्याच चौघी आणि तुम्ही दुसरीच्या. नव्या बाईने सावडीत शिरताना आधी आपल्या घरचे काम सांगू नये, आधी दुसऱ्याच्या कामाला जावे. वयाने मोठ्या बाईला काकू, मावशी किंवा अक्का म्हणावे, तिच्या सुनेला वहिनी म्हणावे, आणि नावाने हाक मारण्याची घाई करू नये. मी पहिल्यांदा शेजारच्या काकूंना विचारले होते, “काकू, तुमच्या कुरडया कधी आहेत? मलाही बोलवा.” त्या म्हणाल्या, “ये की माय, पर पहाटं चारला उठावं लागंल.” मी साडेतीनला जाऊन ओट्यावर बसले होते. त्या दिवसानंतर मला कोणाला बोलवायला जावे लागले नाही.

सावडीला आलेल्या बाईच्या हातावर पैसे ठेवू नयेत. तिला तो आपल्या मदतीचा अपमान वाटतो. पण जी बाई पापड लाटण्यावर घर चालवते, किंवा जो बचत गट शेवया-कुरडया करून विकतो, त्यांच्याकडून ‘शेजारी’ म्हणून फुकट काम करून घेणे त्याहून वाईट आहे. त्यांचा जो दर असेल तो, घासाघीस न करता, त्याच दिवशी द्यावा. हे दोन्ही वेगळे ओळखता येत नसेल तर गल्लीतल्या एखाद्या वडीलधाऱ्या बाईला बाजूला घेऊन विचारावे.

दुसऱ्याच्या गच्चीवर ऊन जास्त वेळ राहत असेल तर तिथे वाळत घालायला परवानगी मागावी आणि एक भाग त्या घरासाठी आपण होऊन काढून ठेवावा. कोणाच्या घरातून डबा किंवा वाटी आली तर ती कधीही रिकामी परत करू नये. मूठभर शेंगा, दोन लिंबे, कढीपत्त्याची डहाळी, काहीही चालते. मेमध्ये लग्नसराई असते, आणि लग्नघरी मुहूर्ताचे सांडगे घालायला बोलावणे आले तर आपले वाळवण एक दिवस पुढे ढकलून जावे. तिथे पाच बायका मिळून सांडगे घालतात, जात्याला हळद-कुंकू लागते, गाणी होतात. गावात आपली ओळख पटण्याचा याहून चांगला दिवस दुसरा नसतो.

रोहिणी लागल्यानंतरच्या एका दुपारचे दृश्य नव्या माणसाने मनात धरून ठेवावे. तीन वाजेपर्यंत झाडाचे पानही हलत नाही. मग एकाएकी धुळीचा लोट उठतो, पत्रे वाजू लागतात आणि कोणीतरी ओरडते, “आलं, आलं, उचला!” त्या क्षणी कोणते वाळवण कोणाचे हे कोणी पाहत नाही. पोरे जिने चढतात, चादरीची चारही टोके एकदम धरली जातात, खारोड्या ज्याचे दार जवळ त्याच्या घरात जातात आणि पाऊस ओसरल्यावर ज्याच्या त्याच्या घरी पोचत्या होतात. मात्र विजा चमकू लागल्या असतील तर गच्चीवर कोणीही चढू नये आणि मुलांना तर मुळीच चढू देऊ नये. वळवाच्या विजेने मराठवाड्यात दरवर्षी माणसे आणि जनावरे दगावतात. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे ‘दामिनी’ हे मोबाइल ॲप आपल्या आसपास वीज पडण्याची सूचना आधी देते. ते घरातल्या एका फोनवर तरी ठेवावे. भिजलेल्या कुरडया पुन्हा करता येतात.

उन्हाबद्दलही तेवढीच काळजी घ्यावी. उन्हातली कामे पहाटे सुरू करून दहा-अकराच्या आत संपवावीत आणि दुपारी चारपर्यंत वाळवण राखायला म्हाताऱ्या माणसाला गच्चीवर बसवू नये. लिंबू, मीठ, साखर घातलेले पाणी कामाच्या जागी भरून ठेवावे. कोणाचा घाम येणे थांबले, अंग तापले आणि बोलणे असंबद्ध झाले तर ती साधी भोवळ नाही. त्या माणसाला लगेच सावलीत आणून अंगावर ओले कापड घालावे, वारा घालावा आणि १०८ ला फोन करावा.

धान्य भरणे

ज्वारीचा दाणा दाताखाली घेतल्यावर कट् असा आवाज करून फुटला पाहिजे. तो चेपला तर आणखी ऊन हवे. ऊन दिलेले धान्य रात्रभर घरात पसरून गार करावे आणि मगच कणगीत किंवा पत्र्याच्या कोठीत भरावे. सावलीत वाळवलेला कडुलिंबाचा पाला तळाशी, मध्ये आणि वर घालावा. तूर, मूग, हरभरा यांना भुंगा लवकर लागतो, म्हणून त्यांना दोन कडक उन्हे जास्त द्यावीत आणि डाळीला किलोमागे लहान चमचाभर एरंडेल चोळावे. काही जण बोरिक पावडर चोळतात. ती खाण्याची वस्तू नाही आणि धुऊन पूर्ण जाते याची खात्री नसते, म्हणून घरच्या धान्याला लावू नये.

धान्यात ठेवायच्या ज्या विषारी गोळ्या दुकानात मिळतात, त्या राहत्या घरात कधीही ठेवू नयेत. त्यातून निघणारा फॉस्फिन वायू बंद खोलीत झोपलेल्या माणसांचा जीव घेतो, आणि अशा घटना घडलेल्या आहेत. ही गोष्ट शेजाऱ्यांनी सहज म्हणून सुचवली तरी नम्रपणे नाकारावी.

लोणचे

एक किलो कैरीच्या फोडींना सुमारे २०० ग्रॅम मीठ, १०० ग्रॅम मोहरीची डाळ, १०० ग्रॅम तिखट, २५ ग्रॅम हळद, २५ ग्रॅम मेथी, १० ग्रॅम हिंग आणि साडेतीनशे ते चारशे ग्रॅम तेल हे आमच्या घरचे प्रमाण आहे. मीठ कमी करण्याचा मोह टाळावा, कारण लोणचे टिकते ते मीठ, कैरीचा आंबटपणा आणि वर तेलाचा थर यांच्या जोरावर. कैऱ्या धुऊन पुसून पूर्ण कोरड्या कराव्यात आणि मगच अडकित्त्याने फोडाव्यात. फोडींना मीठ-हळद लावून रात्रभर ठेवाव्यात, सुटलेले पाणी काढून फोडी कापडावर तासभर वाळवाव्यात, मसाला कालवावा, तेल कडकडीत तापवून पूर्ण गार झाल्यावर ओतावे. पहिल्या वर्षी मी घाईने ओल्या सुरीने फोडी सारख्या केल्या होत्या. नागपंचमीला बरणी उघडली तेव्हा वर पांढरा थर आला होता आणि पाच किलो लोणचे उकिरड्यावर टाकावे लागले. बुरशी वरवर काढून खालचे लोणचे खाऊ नये. बरणी चिनी मातीची, कडक उन्हात तापवून गार केलेली असावी आणि तेल फोडींच्या वर बोटभर राहावे; आठ दिवसांनी ते खाली गेलेले दिसले तर आणखी तेल तापवून, गार करून घालावे.

मृग लागला तरी

पहिली सर आली की वाफ्यात बी टाकण्याची घाई होते. ती करू नये. पहिल्या सरीने काळ्या मातीचा वरचाच थर ओला होतो, बी उगवते आणि मग दहा दिवस पावसाने ओढ दिली की मोड जळून जातात. खुरप्याने खणून वीतभर खोल ओल लागली तरच गवार, भेंडी, दोडका, कारले, काकडी, वाळूक आणि अंबाडी टोकावी. वाफ्यावरचे प्लास्टिक पेरणीच्या आदल्या दिवशी काढावे आणि माती खोल उकरू नये, नाहीतर खालचे तणाचे बी वर येते. मिरची-वांग्याची रोपे आणखी आठवडाभराने, ढगाळ संध्याकाळी लावावीत. जमिनीत पुरलेली मडकी जुलैमध्ये अलगद काढून, काथ्याने घासून, पुढच्या आखितीसाठी उतरंडीला लावून ठेवावीत.

आणि शेजारच्या घरून उन्हाळ्यात आलेला एखादा डबा अजून फडताळात राहिला असेल तर तो याच दिवशी परत करावा, राखेतून काढून पुसलेल्या दोडक्याच्या दहा-बारा बिया त्यात घालून.